दस्तरखानावरची पाण्याची बाटली

संध्याकाळचे सहा वाजत आले की सदरच्या मंगळवारी बाजाराची लगबग वाढते. पपई-टरबुजाच्या फोडी पिशव्यांत भरल्या जातात, कढईतून समोशांचा घाणा निघतो, खजुराच्या गाड्यासमोर रोजेदार आणि बिगर-रोजेदार एकाच रांगेत उभे असतात. रेसिडेन्सी रोडवर घराकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न वाजत असतात. यंदा रमजान आणि ख्रिस्ती बांधवांचा लेंट जवळजवळ एकत्रच आले आहेत. त्यामुळे सदरच्या चर्चमधून परतणारी मंडळीही उपवासाच्या दिवसांतलीच.

बाजारामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात याच वेळी दस्तरखान अंथरला जातो. खजूर, फळं, चण्याची चाट, कांदाभजी, लाल सरबताचा जग. आणि या सगळ्याच्या मधोमध पाण्याची एक स्टीलची बाटली, अर्धी रिकामी. ती आहे घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सिकलसेल आहे. तिचा रोजा नसतो. सकाळपासून ती बाटली तिनं दोनदा भरून संपवली आहे, ही तिसरी.

ही बाटली या घरात नेहमी अशी उघड्यावर नव्हती. सहा वर्षं ती कपाटात, दुपट्ट्यांच्या घडीमागे असायची. मुलीचं नाव इथे दिलेलं नाही, आणि ते का, हे पुढे कळेलच.

एका आजाराची पाच नावं

मुलगी आठ-नऊ महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली. कुठेतरी आपटली असेल म्हणून तेल लावून शेक दिला. चार वर्षांची असताना डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून तेल-तिखट बंद झालं, उसाचा रस सुरू झाला, गळ्यात तावीज आला. पिवळेपणा उतरला, पुन्हा आला. थंडीत ती गुडघे धरून रडायची. त्याला ‘वाढीचं दुखणं’ असं नाव मिळालं. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन सात-साडेसात. मग लोहाचं टॉनिक, बीट, डाळिंब, कलेजी. आणि सर्वांत लाजिरवाणी तक्रार म्हणजे दहा वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओलं व्हायचं. त्यावर अम्मीनं आपल्या परीनं उपाय केला. मगरिबच्या नमाजीनंतर मुलीला पाणी बंद.

हा उपाय आठवला की अम्मीचे डोळे आजही भरून येतात.

घरी रोजाकुशाई ठरली तेव्हा ती दहा वर्षांची होती. रमजान जूनमध्ये आला होता, नागपूरला पाऊस लागायचा होता. नवा शरारा, गळ्यात फुलांचा हार, नानीकडून आलेली मिठाई. मुलीनं हट्टानं सहेरी केली. जोहरपर्यंत ती ठीक होती. असरला कंबर आणि मांड्या दुखू लागल्या. इफ्तारला तासभर उरला असताना ती फरशीवर लोळत होती. सरबत पाजून, हार काढून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा जमलेल्या बायका म्हणाल्या, नजर लागली.

त्या रात्री शेजारच्या काकू दवाखान्यात डबा घेऊन आल्या. त्यांचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. पोरीचे डोळे पाहून त्यांनी हळूच विचारलं, “भाभी, हिची सिकल तपासली का जी कधी? माह्या भाच्याचं असंच होते.”

“ते आमच्यात नसतं,” अम्मी म्हणाली.

“रक्ताले का माहीत, कोणाचं घर होय ते,” काकू म्हणाल्या.

बोटातून काढलेल्या थेंबभर रक्ताची आधी साधी चाचणी झाली, मग सविस्तर. अहवालावर दोन अक्षरं होती, ‘एसएस’. अम्मी आणि अब्बांचा अहवाल आला, ‘एएस’. पाच तक्रारींना एकच नाव मिळालं.

विळ्याच्या आकाराची पेशी

निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते. बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीतून ती वाकून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेत एक जन्मजात बदल असतो. शरीरात पाणी कमी झालं, प्राणवायू कमी पडला, ताप आला किंवा थंडी बाधली, की ही पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी एकमेकींत अडकून रक्तवाहिनी तुंबवतात. ज्या भागाचं रक्त अडतं, तो भाग असह्य दुखतो. बोटं सुजण्याचं, गुडघे आणि कंबर दुखण्याचं कारण हेच.

बाकी तक्रारींचाही उलगडा यातच आहे. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी. फुटलेल्या पेशींतून पिवळं द्रव्य बाहेर पडतं, म्हणून डोळे पिवळे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला रक्त नीट न मिळाल्यानं लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याची त्याची ताकद कमी होते. म्हणून अशा मुलांना वारंवार आणि भरपूर लघवी होते, अंथरूण ओलं होतं. पाणी बंद केलं तरी लघवी होतच राहते आणि शरीर आतून कोरडं पडतं. मगरिबनंतर पाणी तोडण्याचा तो उपाय नेमका उलटा होता.

रोजा या रुग्णांना एवढा जड का जातो, याचंही उत्तर इथेच आहे. इतरांचं शरीर तहान लागली की पाणी राखून वापरतं. यांच्या शरीराला ती काटकसर जमत नाही.

नागपूरला हा आजार नवा नाही. शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्याची नोंद १९१० मध्ये प्रसिद्ध केली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या, नागपूरच्या रुग्णांवरचा लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. सदरमधल्या त्या मुलीच्या जन्माआधी जवळजवळ अर्धशतक या शहराला या आजाराचं नाव माहीत होतं. तरी ते तिच्या घरापर्यंत पोहोचायला दहा वर्षं लागली.

विदर्भात सिकलसेल अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत जास्त आढळतो, हे खरं. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचं राज्य होतं, तिथे हे जनुक टिकलं. कारण आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते मिळालेल्या वाहकाला लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. पण जनुकाला जातीचा दाखला लागत नाही आणि धर्मही. विदर्भात जो प्रकार दिसतो, तोच सौदी अरेबियाच्या पूर्वेकडच्या कतीफ आणि अल-अहसा भागात दिसतो. शास्त्रज्ञ त्याला अरब-भारतीय प्रकार असंच म्हणतात. “ते आमच्यात नसतं” या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही.

लपवलेला घोट

निदान झालं. औषधं सुरू झाली. रोज फॉलिक ॲसिड, पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यायचं, ताप आला तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा, थंड पाण्यानं अंघोळ नको. घरानं सगळं पाळलं. एकच गोष्ट ठरवून टाकली, की बाहेर कुणाला सांगायचं नाही. मुलीची जात आहे, उद्या रिश्ता यायचा आहे.

अकरा महिने हे गुपित निभावतं. रमजानमध्ये निभावत नाही. महिन्यातले काही दिवस बायकांना रोजातून सूट असतेच. त्या दिवसांतही त्या घरच्या पुरुषांपासून लपून पाणी पितात. ही सवय घरोघरी आहे. पण तीसच्या तीस दिवस रोजा नसेल, तर चाची विचारते, वर्गातली मैत्रीण विचारते, शिकवणीच्या बाई विचारतात. मुलगी मोरीत जाऊन पाणी प्यायची. ओठ पुसून बाहेर यायची. कुणी “रोजा आहे ना?” विचारलं की मान हलवायची. पाणी पिणं हा इलाज होता. खोटं बोलणं मात्र तिला गुन्ह्यासारखं टोचायचं.

सोळाव्या वर्षी तिनं ठरवलं, की हे खोटं खरं करून टाकावं. रमजान एप्रिलमध्ये होता. घरात न सांगता तिनं रोजा धरला. सहेरीला पोटभर पाणी प्यायली. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची छाती आणि पाठ धरली. चार दिवस दवाखान्यात, सलाईन, रक्ताची एक बाटली. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, “मला फक्त एकदा सगळ्यांसारखं इफ्तार करायचं होतं.”

दादीचा सौदा

या घरात दुसरीही एक रुग्ण आहे, दादी. वय सत्तरीपार, वीस वर्षांचा मधुमेह, रोज इन्सुलिन. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, रोजा नको. दादी ऐकत नसत. “अल्लाहला काय उत्तर देऊ?” एवढंच म्हणत. दुपारी त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, बोलणं असंबद्ध व्हायचं. घरचे समजत, उन्हामुळे. खरं तर ती साखर खाली गेल्याची लक्षणं होती.

दवाखान्यातून घरी आलेल्या नातीनं दादीसमोर अट ठेवली. “दादी, तुम्ही रोजा सोडाल तर मी पुन्हा कधी चोरून धरणार नाही. तुम्ही धराल तर मीही धरेन.”

दादी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना घरी बोलावून घेतलं.

इमामसाहेबांनी सांगितलं ते नवं नव्हतं. सूरह बकरामध्ये, जिथे रोजे फर्ज केले गेले त्याच आयतींत, म्हणजे १८४ आणि १८५ मध्ये, आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट दिली आहे. बरं झाल्यावर राहिलेले रोजे इतर दिवशी पूर्ण करावेत. ज्याला ते शक्यच नाही त्यानं प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालावं. त्याला फिदिया म्हणतात. अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, असा त्या आयतीचा अर्थ. या सवलतीला शरियतमध्ये ‘रुख्सत’ असा शब्द आहे. रोजा हा जसा हुकूम, तशी रुख्सत ही देणगी. ती नाकारून जीव धोक्यात घालणं म्हणजे जास्तीची भक्ती नव्हे. बरा न होणारा आजार असेल आणि जाणकार डॉक्टर रोजाला मनाई करत असेल, तर कसला संकोच?

दादींनी विचारलं, “मग लोकांना काय सांगायचं?”

“खरं,” इमामसाहेब म्हणाले.

त्या वर्षापासून रमजानमध्येही या घरात दुपारचा स्वयंपाक होतो, दोन माणसांचा. वरण-भात, एक पालेभाजी, दह्याची वाटी. आजी आणि नात समोरासमोर बसून जेवतात. दोघींच्या फिदियाचे पैसे एका डब्यात वेगळे काढले जातात आणि साठ माणसांच्या जेवणाची सोय होते. बाटली कपाटातून स्वयंपाकघरात आली आणि तिथून दस्तरखानावर.

ताटात काय, पेल्यात काय

दीर्घ आजाराच्या घरात सल्ल्यांना तोटा नसतो. ‘रक्त कमी’ म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार लोहाचा येतो. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरात परत वापरलं जातं. ज्यांना वरचेवर रक्त द्यावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह उलट साठत जातं आणि यकृत-हृदयाला बाधतं. म्हणून लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नसतात. बीट, डाळिंब, खजूर खायला हरकत नाही. त्यानं आजार जात नाही, एवढंच समजून खावं. शरीर सतत नव्या पेशी घडवत असल्यामुळे फॉलिक ॲसिड मात्र हवंच. गोळीच्या जोडीला पालक, चवळी, हरभरा, मूग हे रोजच्या ताटातलं धान्य-भाजीपाला उपयोगी पडतं. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं. एकदम लिटरभर पिऊन उरलेला दिवस काढता येत नाही. सहेरीला कितीही पाणी प्यायलं तरी दुपारपर्यंत ते राहत नाही, हे तिनं सोळाव्या वर्षी अनुभवलं. चहा-कॉफीला आणि बाटलीबंद गोड पेयांना पाणी म्हणून धरू नये. नागपूरचा मार्च-एप्रिल आणि थंडीतली पहाट, दोन्ही या रुग्णांना सांभाळावे लागतात.

मधुमेहाचं गणित वेगळं. सगळ्याच मधुमेहींना रोजा वर्ज्य नसतो. गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेले अनेक जण डॉक्टरांशी बोलून, औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून रोजे ठेवतात. हे बोलणं रमजानच्या महिना-दीड महिना आधी व्हायला हवं. रोजात बोटातून रक्त काढून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. इफ्तारला पाच मिनिटं राहिली आहेत म्हणून थांबू नये.

हे फक्त रोजाला लागू नाही. निर्जळी एकादशी करणारी आजी, नवरात्रात नऊ दिवस एका वेळच्या फराळावर राहणारी सून, लेंटमध्ये औषधाची वेळ टाळणारे आजोबा, सगळ्यांच्या घरात हाच प्रश्न असतो. साबुदाण्याच्या खिचडीनं साखर किती चढते, हे इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. उपवास कुठलाही असो, त्याआधी डॉक्टरांना विचारल्यानं श्रद्धा कमी होत नाही.

रिश्त्याआधी एक तपासणी

राहिला तो प्रश्न, ज्यासाठी बाटली लपवली गेली. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचं रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक होण्याची चारात दोन. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. या मुलीचे अम्मी-अब्बा आते-मामेभावंडं. जनुक एकाच खानदानातून दोन्ही बाजूंनी आलं. नात्यातल्या लग्नानं आजार निर्माण होत नाही, पण घराण्यात लपून असलेला आजार समोर येण्याची शक्यता वाढते. मुसलमानांत असे विवाह होतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू समाजांतही आहे. हा धडा दोघांचाही आहे.

सौदी अरेबियानं २००४ पासून निकाहाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी बंधनकारक केली. निकाह करायचा की नाही, हा निर्णय जोडप्याचाच. माहिती मात्र आधी हातात असते. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. त्याआधी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला दिव्यांगत्वाचा दर्जा मिळाला. या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडलेले संपत रामटेके नागपूरचेच. सिकलसेल सोसायटी त्यांनी उभी केली. २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

या मुलीच्या मोठ्या भावाचं लग्न गेल्या वर्षी झालं. तो वाहक आहे. बोलणी चालू असतानाच अब्बांनी मुलीकडच्यांना ते सांगितलं आणि तपासणीची विनंती केली. एका घरानं दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला, नको. दुसऱ्या घरानं मुलीची तपासणी करून घेतली. तिचा अहवाल निरोगी आला, म्हणजे त्यांच्या मुलांत हा आजार येणार नाही. निकाह झाला. धाकट्या बहिणीचं नाव वर्तमानपत्रात येऊ नये, असं मात्र घरच्यांना अजून वाटतं. पहिल्या घरासारखी घरं अजून आहेत, म्हणून.

अजानला दोन मिनिटं उरली की नवी भाभी खजुराची ताटली फिरवते. शेजारच्या काकू दारातच उभ्या असतात, त्यांनी आणलेल्या आलूवड्या अजून गरम आहेत. दादी दुआसाठी हात उचलतात. नातही उचलते. अजान होते. रोजेदार खजूर तोंडात टाकतात, आणि ती आपली बाटली उघडून सगळ्यांच्या पेल्यांत आधी पाणी ओतते. उरलेलं ती पिते, तिथेच, सगळ्यांसमोर.